खाडीतील सूक्ष्मशैवाल आणि शेतातील फवारणी: संशय नेमका कोणावर घ्यावा?

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी हापूसची बाग असलेल्या एका वाचकाने विचारले आहे की, आंब्यावर वर्षानुवर्षे मारलेले औषध पावसात वाहून खाडीत जाते, तेथील सूक्ष्मशैवाल त्याने मरते आणि म्हणूनच तारली, कालवे, तिसऱ्या कमी झाल्या आहेत का. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळक्षेत्राजवळ असे सिद्ध झाल्याचे त्यांच्या वाचनात आले आहे. शेतीतील रसायनांचा सागरी सूक्ष्मशैवालांवर होणारा परिणाम हा माझ्या कामाचाच विषय असल्याने जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न ज्या स्वरूपात विचारला आहे त्या स्वरूपात त्याचे उत्तर 'बहुधा नाही' असे आहे. आंब्यावर मारली जाणारी कीटकनाशके सूक्ष्मशैवालाला थेट मारत असण्याची शक्यता फार कमी आहे. मात्र शेतातून वाहणाऱ्या रसायनांनी खाडीतील शैवालाचे काही बिघडत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. संशय चुकीच्या रसायनावर आणि चुकीच्या हंगामावर घेतला जात आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. ऑस्ट्रेलियात जे सिद्ध झाले ते खरे आहे. पण ते उसातील तणनाशकांबद्दल सिद्ध झाले, आणि ते कोकणाला जसेच्या तसे लावता येत नाही.

सूक्ष्मशैवाल म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, बहुतांश एकपेशीय, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या सजीवांचा मोठा समुदाय. सिलिकाचे कवच असलेले डायॅटम, दोन चाबकासारख्या शेपट्यांनी पोहणारे डायनोफ्लॅजेलेट, नाना प्रकारचे हिरवे कशाधारी (म्हणजे शेपटीने पोहणारे) आणि सर्वांत लहान असे नील-हरित जिवाणू हे त्यातील मुख्य गट. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषी सजीवांच्या एकूण वस्तुमानात समुद्रातील या तरंगत्या वनस्पतींचा वाटा एक टक्काही नाही, तरी पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणाने होणाऱ्या अन्ननिर्मितीचा जवळजवळ निम्मा भाग त्या उचलतात. अनुकूल परिस्थितीत यांची पिढी दिवस-दीड दिवसात दुप्पट होते आणि तितक्याच वेगाने खाल्लीही जाते. खाडीत पाण्यात तरंगणारे शैवाल जेवढे महत्त्वाचे, तेवढाच ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावरचा सोनेरी-तपकिरी थर महत्त्वाचा असतो. तो थर म्हणजे डायॅटमच. बोय मासा तो चिखलासह ओरबाडून खातो, कालवे आणि तिसऱ्या पाणी गाळून तरंगते शैवाल खातात, आणि तारलीच्या आहारातही डायॅटमचा मोठा भाग असतो. त्यामुळे प्रश्नकर्त्याने जोडलेली अन्नसाखळी अगदी योग्य आहे. प्रश्न उरतो तो तिच्या पहिल्या कडीवर कोणते रसायन घाव घालते याचा.

'औषध मारले' असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात किमान तीन वेगळ्या कामांची रसायने असतात (कीटकनाशके, तणनाशके आणि बुरशीनाशके) आणि शैवालाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कीटकनाशके बहुधा मज्जासंस्थेवर काम करतात. प्रोफेनोफॉस किंवा क्लोरपायरीफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट एका मज्जारसायनाचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) बंद पाडतात, डेल्टामेथ्रिन आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइड मज्जातंतूंतील सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतात, तर इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम मज्जापेशींच्या ग्राहकांना चिकटून बसतात. शैवालाला मज्जासंस्थाच नाही. त्यामुळे या रसायनांनी शैवालाची वाढ खुंटवायची तर कीटक किंवा कोळंबी मारायला लागते त्याच्या शेकडो, कधी हजारो पट तीव्रता लागते आणि ती खाडीत सहसा कधीच गाठली जात नाही.

येथे एक उलटा परिणाम मात्र होतो, आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. शैवाल खाणारे कोपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारे कोळंबीचे सूक्ष्म भाऊबंद, आणि कोळंबी-खेकड्यांची पिल्ले ही कीटकांसारखीच संधिपाद (सांधेदार पायांची) असल्याने कीटकनाशकांना कीटकांइतकीच हळवी असतात; पायरेथ्रॉइडच्या बाबतीत तर लिटरला काही नॅनोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही त्यांना इजा होते. खाणारे कमी झाले की शैवाल वाढते. कीटकनाशकाच्या धक्क्यानंतर पाणी अधिक हिरवे दिसणे हे प्रयोगशाळेतील कृत्रिम तळ्यांत वारंवार दिसलेले आहे. म्हणजे 'पाणी हिरवे आहे, तेव्हा फवारणीचा काही परिणाम नाही' असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच 'फवारणी म्हणजे शैवालाचा मृत्यू' हे म्हणणेही चुकीचे ठरते.

तणनाशकांचे तसे नाही. ती वनस्पतींचीच यंत्रणा मोडण्यासाठी बनवलेली असतात, आणि ती यंत्रणा उसातल्या गवतात, डायॅटममध्ये आणि प्रवाळात राहणाऱ्या शैवालात मूलतः एकच आहे. डाययुरॉन, अॅट्राझिन, हेक्झाझिनोन, अॅमेट्रिन, टेब्युथायुरॉन आणि मेट्रिब्युझिन ही सगळी प्रकाशप्रणाली-२ या प्रकाश टिपणाऱ्या यंत्रणेतील डी-१ या प्रथिनावर बसतात. तेथे प्लास्टोक्विनोन नावाचा रेणू येऊन इलेक्ट्रॉन उचलून पुढे नेत असतो. त्याची जागा तणनाशकाने अडवली की पुढची सगळी वाहतूक थांबते. पेशीने प्रकाश तर शोषलेला असतो, पण त्या ऊर्जेला वाट नसते, आणि मग तिच्यातून तयार होणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू पेशीच्या आतच नासधूस करतात. यामुळेच स्वच्छ, उजेडाच्या पाण्यात या रसायनांचा त्रास अधिक होतो. डाययुरॉन या बाबतीत इतके भरवशाचे आहे की डीसीएमयू या नावाने ते प्रयोगशाळेच्या फडताळात असतेच. शैवालाचे प्रकाशसंश्लेषण मुद्दाम थांबवून क्लोरोफिलची चमक मोजायची असली की आम्ही तेच वापरतो.

आता ग्रेट बॅरियर रीफकडे वळू. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगत सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेल्या आणि १९८१ पासून जागतिक वारसा असलेल्या या प्रवाळक्षेत्रात जमिनीवरून येणाऱ्या पाण्याचा जेवढा बारकाईने अभ्यास झाला, तेवढा उष्ण कटिबंधात इतरत्र क्वचितच झाला असेल. या क्षेत्राकडे वाहणाऱ्या नद्यांचे पाणलोट चार लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे. त्यातले बहुतेक चराऊ कुरण आहे आणि ऊस जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे. पण तो एक टक्का किनाऱ्यालगतच्या सपाटीवर, टली, जॉन्स्टन, हर्बर्ट, बर्डेकिन आणि मॅके या भागांत दाटीने एकवटलेला आहे. तेथे उसाची लागवड आणि खोडवा यांत तणनाशक मारण्याचा काळ पावसाळ्याच्या तोंडावर येतो. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांमध्ये लिटरला काही मायक्रोग्रॅम डाययुरॉन आणि अॅट्राझिन सापडते. किनाऱ्याजवळच्या समुद्रात ते बहुतेक वेळा एका मायक्रोग्रॅमच्या बरेच खाली जाते, पण पुराचे पाणी आठवडेच्या आठवडे तेथे रेंगाळते.

तेथील खाड्यांतून वेगळ्या काढलेल्या डायॅटम आणि हिरव्या कशाधारी शैवालांवर जे प्रयोग झाले त्यांत डाययुरॉन सर्वांत तीव्र ठरले: लिटरला दोन ते सहा मायक्रोग्रॅमच्या आसपास प्रकाशसंश्लेषण निम्म्यावर येते. अॅट्राझिनला त्याच परिणामासाठी यापेक्षा कित्येक पट अधिक प्रमाण लागते. प्रवाळाच्या ऊतीत राहून त्याला अन्न पुरवणाऱ्या शैवालात तर लिटरला ०.३ मायक्रोग्रॅम डाययुरॉनलाही प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता घसरलेली मोजता आली. शिवाय याच पद्धतीने काम करणारी रसायने एकत्र आली की त्यांचे परिणाम सरळ बेरजेने वाढतात, असेही या प्रयोगांत दिसले. म्हणून एकेका रसायनाची पातळी 'मर्यादेत' असली तरी पाचांची बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते. क्वीन्सलंडमध्ये आता २२ कीडनाशकांचा एकत्रित धोका काढून, नदीच्या मुखाशी किमान ९९ टक्के जलचर प्रजाती सुरक्षित राहतील असे उद्दिष्ट ठेवले जाते, ते याच कारणाने. डाययुरॉनच्या वापरावर २०११ मध्ये तेथील नियामकाने स्थगिती आणली आणि २०१२ मध्ये मात्रा व हंगाम यांवर कडक अटी घालून ते पुन्हा वापरात येऊ दिले.

या आकड्यांकडे पाहताना एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्रकाशसंश्लेषण निम्म्यावर आले म्हणजे निम्मे शैवाल मेले असे नव्हे. या गटातील तणनाशक डी-१ प्रथिनाला कायमचे चिकटत नाही. थोड्या वेळाच्या संपर्कानंतर स्वच्छ पाणी मिळाले की पेशी काही तासांत पूर्ववत होतात. काही शैवाले तर या ताणाखाली सावलीतल्या झाडासारखी वागतात आणि प्रत्येक पेशीमागे अधिक क्लोरोफिल तयार करतात. म्हणजे वाढ खुंटलेली असताना पाण्यातील क्लोरोफिल मात्र फारसे घटलेले दिसत नाही. केवळ क्लोरोफिल मोजून 'सर्व ठीक' असा निष्कर्ष काढणारे अहवाल मी वाचतो तेव्हा माझी चिडचिड होते ती म्हणूनच.

खरा परिणाम मृत्यूपेक्षा निवडीत दिसतो. अल्प प्रमाणात तणनाशक आठवडेच्या आठवडे राहिले की हळव्या प्रजाती मागे पडतात, सहनशील प्रजाती त्यांची जागा घेतात, आणि काही काळाने तो सबंध समुदाय त्या रसायनाला पूर्वीपेक्षा कमी दाद देऊ लागतो. ऑस्ट्रेलियातील तळाच्या सूक्ष्मशैवालांवर हे प्रत्यक्ष दाखवले गेले आहे. वरकरणी पाहता शैवाल तेवढेच असते, एकूण वजन तेवढेच असते. पण मोठ्या, मेदाम्लांनी समृद्ध डायॅटमऐवजी बारीक पेशी वाढलेल्या असतात. गाळून खाणाऱ्या कालवाच्या पिल्लाला किंवा चिखल ओरबाडणाऱ्या बोय माशाला हा फरक आहारात जाणवतो. कोणाला काही मेलेले दिसत नाही, आणि म्हणून कोणी तक्रारही करत नाही.

टिकाऊपणाबद्दलही गैरसमज फार आहेत. शेतात काही आठवड्यांत विरणारे रसायन समुद्रातही तसेच विरेल असे गृहीत धरले जाते. ग्लायफोसेटवर समुद्राच्या पाण्यात झालेल्या प्रयोगात २५ अंश सेल्सियसला मंद उजेडात ते निम्मे होण्यास सुमारे ४७ दिवस लागले; त्याच तापमानाला अंधारात २६७ दिवस, आणि ३१ अंशांना अंधारात ३१५ दिवस लागले. गढूळ खाडीच्या तळाशी अंधारच असतो हे लक्षात घेतले की या आकड्यांचा अर्थ कळतो. डाययुरॉन-अॅट्राझिन वर्गातील रसायनेही समुद्राच्या पाण्यात महिनोन्‌महिने टिकतात.

आता हे सारे कोकणात किती लागू पडते ते पाहायचे तर एक साधा हिशेब करावा. एक हेक्टर शेतात एक किलो क्रियाशील तणनाशक टाकले आणि त्यातील एक टक्का, म्हणजे १० ग्रॅम, पहिल्या मोठ्या पावसात वाहून गेले असे समजू. त्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस पडून तो सगळा वाहिला, तर हेक्टरवरून १० लाख लिटर पाणी निघते. म्हणजे बांधावरून उतरणाऱ्या पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅम रसायन आले. ओढ्याच्या पाणलोटातील निम्मी जमीन अशी फवारलेली असेल, तर ओढ्यात ५ मायक्रोग्रॅम येईल; केवळ दोन टक्के जमीन फवारलेली असेल, तर ०.२. मुखाशी त्यात दहापट समुद्राचे पाणी मिसळले की हेच आकडे ०.५ आणि ०.०२ होतात. पहिला आकडा प्रवाळातील शैवालाला त्रास देणाऱ्या पातळीच्या वर आहे, दुसरा तिच्या बराच खाली. वाहून जाण्याचे प्रमाण जमिनीचा उतार, मातीचा पोत आणि फवारणी व पाऊस यांतील अंतर यांवर अवलंबून एक टक्क्याहून बरेच कमी किंवा काही पट अधिक असू शकते, त्यामुळे हा अंदाजच आहे. पण रसायनाचे नाव आणि पाणलोटातील फवारलेल्या क्षेत्राचा वाटा या दोन गोष्टी बाकी सगळ्यापेक्षा भारी ठरतात, हे त्यातून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात अॅट्राझिन, मेट्रिब्युझिन आणि डाययुरॉन ही उसातली ओळखीची तणनाशके आहेत. परंतु आपला बहुतेक ऊस कृष्णा, भीमा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत आहे. त्या नद्या पूर्वेकडे वाहतात, वाटेत धरणांमागून धरणे लागतात आणि उरलेले पाणी शेकडो किलोमीटर दूर बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरणाऱ्या आपल्या छोट्या, खड्या उताराच्या नद्या क्वीन्सलंडच्या दमट पट्ट्यातील नद्यांसारख्या दिसतात खऱ्या, पण त्यांच्या काठी ऊस फारसा नाही. भात, आंबा, काजू, नारळ आणि सुपारी आहे. ग्रेट बॅरियर रीफची कहाणी कोकणाला लावताना हा फरक प्रथम ध्यानात घ्यावा.

आंब्याचे वेळापत्रक पाहा. तुडतुडे, फुलकिडे आणि भुरी यांसाठीच्या फवारण्या पालवी-मोहोराच्या काळात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च या कोरड्या महिन्यांत होतात. पाऊस जूनमध्ये येतो. मधल्या काळात ऊन, उष्णता आणि जमिनीतील जिवाणू यांमुळे बरेचसे रसायन विघटित होते. पायरेथ्रॉइड मातीच्या कणांना घट्ट धरून राहतात, त्यामुळे उरलेसुरले गाळाबरोबर जाते आणि खाडीच्या तळाच्या चिखलात बसते. तेथे त्याची चिंता करायची असेल तर चिखलात राहणाऱ्या कोळंबी-खेकड्यांसाठी करावी, डायॅटमसाठी नाही. खाडीला अगदी लागून असलेल्या बागेत वाऱ्याने उडून थेट पाण्यावर पडणारी फवारणी हा वेगळा विषय आहे आणि तोही संधिपाद प्राण्यांसाठीच अधिक गंभीर आहे.

मग कोकणात सूक्ष्मशैवालाच्या दृष्टीने संशय कोणावर घ्यावा? माझ्या मते पावसाळ्यातच वापरल्या जाणाऱ्या रसायनांवर. त्यांत भातातील तणनाशके आली. प्रेटिलाक्लोर आणि ब्युटाक्लोर ही अतिलांब साखळीच्या मेदाम्लांची निर्मिती थांबवतात. हिरव्या शैवालांना ती बरीच घातक आहेत, डायॅटमना त्यामानाने कमी. म्हणजे खाडीच्या गोड्या पाण्याच्या वरच्या टोकाला त्यांचा परिणाम अधिक आणि मुखाशी कमी अपेक्षित आहे. २,४-डी हे रुंद पानाच्या तणांतील संजीवकाची नक्कल करते आणि सूक्ष्मशैवाल त्याला सहसा फारशी दाद देत नाही.

दुसरे ग्लायफोसेट. मजूर मिळत नाहीत म्हणून बागेतील आणि बांधावरील रान मारण्यासाठी ते सर्रास वापरले जात आले आहे, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. ग्लायफोसेट सुगंधी अमिनो आम्ले तयार करणारा मार्ग अडवते आणि तो मार्ग शैवालातही आहे. पण शैवालाला इजा करण्यासाठी ते डाययुरॉनपेक्षा कित्येक पट अधिक लागते. जांभ्याच्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असल्याने ती त्याला घट्ट धरून ठेवते. ते जाते ते मुख्यतः धूप झालेल्या मातीबरोबर. मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली म्हणजे बाटलीतील मिश्रणात असणारे पृष्ठताण कमी करणारे घटक काही वेळा मूळ रसायनापेक्षा जलचरांना अधिक घातक ठरतात. दुसरी म्हणजे ग्लायफोसेटच्या रेणूत फॉस्फरस आहे आणि काही नील-हरित जिवाणू व शैवाले तो फोडून खत म्हणून वापरू शकतात. म्हणजे एकाला विष आणि दुसऱ्याला खाद्य, असा दुहेरी रेटा समुदायाची घडी बदलण्याच्याच दिशेने जातो.

तिसरा संशयित तांबे आहे, आणि मला सर्वाधिक लक्ष द्यावेसे वाटते ते त्याच्याकडे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सुपारीवरील कोळेरोगासाठी पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा भर पावसाळ्यात उघडीप बघून मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मारले जाते. एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटरला एक किलो मोरचूद असते, आणि मोरचुदात साधारण पाव भाग तांबे. म्हणजे लिटरला अडीच ग्रॅम तांबे झाले. हेक्टरी हजार लिटर मिश्रण धरले तर एका फवारणीत अडीच किलो तांबे बागेत पडते, आणि हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होण्याचा प्रश्नच नाही. चुन्याने बद्ध झालेले तांबे पाण्यात सहज विरघळत नाही आणि माती त्यातील बहुतेक धरून ठेवते, हा दिलासा आहे. पण पाण्यात सुटलेला तांब्याचा आयन (विद्युतभारित अणू) लिटरला काही मायक्रोग्रॅम इतक्या पातळीलाही सूक्ष्मशैवालाला बाधतो. सर्वांत आधी बारीक नील-हरित जिवाणूंना, डायॅटमना त्यामानाने उशिरा. खाडीच्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्य तांब्याला बांधून त्याची धार बोथट करते, म्हणून एकूण तांबे मोजून काही कळत नाही. मुक्त आयन किती आहे ते पाहावे लागते.

आंब्याच्या बागेत जुलै-ऑगस्टमध्ये आळ्यात घातले जाणारे पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे आपले कल्टार, हेही पावसातच वापरले जाते आणि जमिनीत दीर्घकाळ टिकते. शैवालाला बाधण्याच्या तीव्रतेत ते डाययुरॉनच्या पंक्तीला बसत नाही. तरी उतारावरच्या बागेत मुसळधार पावसाच्या दिवशी ते घालणे हे पैसे वाहून घालवण्यासारखेच आहे.

हंगामाचाही हिशेब करायला हवा. जुलैतील जोरदार पावसात आपल्या खाड्या जवळजवळ नदीच होतात. पाणी गढूळ, उजेड नाही, आणि पाण्याचा लोंढा थोड्याच दिवसांत सगळे समुद्रात ढकलतो. अशा वेळी शैवालाची वाढ तशीही थांबलेली असते. धोक्याचा काळ म्हणजे पावसाची उघडीप. मांडवी आणि झुआरीच्या खाड्यांत पावसाच्या खंडात स्केलेटोनेमा या डायॅटमचा बहर येतो हे गोव्यात नोंदले गेलेले आहे: गाळ बसतो, ऊन पडते, पोषकद्रव्ये भरपूर असतात, आणि शैवाल उसळून वाढते. नेमक्या त्याच उघडिपीत शेतकरीही फवारणी करून घेतो, आणि पुढच्या सरीत ते पाणी खाडीत उतरते. परतीच्या पावसाचा काळही असाच आहे.

तारलीबद्दल स्पष्टच सांगायला हवे. तिचे प्रमाण किनाऱ्यावर पूर्वीपासून मोठ्या फरकाने खाली-वर होत आले आहे. पावसाळ्यात खोल पाणी वर येण्याची क्रिया, समुद्राचे तापमान आणि मासेमारीचा दाब ही तिची मोठी कारणे आहेत. खुल्या समुद्रात चरणाऱ्या माशाचा दोष खाडीकाठच्या बागेवर टाकता येणार नाही. कालवे आणि तिसऱ्या मात्र खाडीच्याच रहिवासी आहेत. त्यांच्या घटीमागे वाळूउपसा, वाढलेला गाळ, सांडपाणी आणि धरणांमुळे बदललेला गोड्या पाण्याचा ओघ यांच्या जोडीला शैवालाच्या समुदायातील बदलही असू शकतो, आणि तो तपासण्याजोगा आहे.

तपासायचे असेल तर मे महिन्यात पाण्याची एक बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवण्यात अर्थ नाही. त्या पाण्यात काही सापडणार नाही आणि त्या अहवालावर पुढची पाच वर्षे सगळे निश्चिंत राहतील. फवारणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत, चढत्या पुरात नमुने घ्यावे लागतात. त्याबरोबर काही आठवडे पाण्यात ठेवून रसायन शोषून घेणाऱ्या चकत्या लावल्या तर सरासरी कळते. शैवालाचे प्रकाशसंश्लेषण क्लोरोफिलच्या चमकेवरून जागेवर मोजता येते, पण सूक्ष्मदर्शकाखाली प्रजाती ओळखून मोजण्याला पर्याय नाही. तुलनेसाठी त्याच नदीवर शेतीच्या वरच्या बाजूचे एक ठिकाण हवेच. बंदराजवळचे नमुने वेगळे ठेवावेत, कारण प्रकाशसंश्लेषण अडवणारी रसायने होड्यांच्या तळाला लावायच्या रंगांतही वापरली गेली आहेत. त्यांपैकी सायब्युट्रिनवर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२३ पासून बंदी घातली. खाडीत असे काही सापडले तर ते शेतातूनच आले असे गृहीत धरता येत नाही.

दरम्यान शेतकऱ्याने करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले बहुतेक फुकट आहे. भातात तणनाशक टाकल्यावर काही दिवस खाचरातील पाणी बाहेर सोडू नये. तण मरण्यासाठीही ते पाणी तेथेच राहणे आवश्यक असते. पुढच्या दोन दिवसांत जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर फवारणी पुढे ढकलावी. पऱ्याच्या आणि वहाळाच्या काठी काही मीटर रान तसेच राहू द्यावे, कारण गाळ आणि त्याला चिकटलेले रसायन तेथेच अडते. बोर्डो मिश्रणात चिकट द्रव्य घालावे आणि ते उरेल इतके बनवू नये. राहता राहिला पंप आणि डबे धुण्याचा प्रश्न. लिटरला ५०० ग्रॅम क्रियाशील घटक असलेल्या डब्याच्या तळाशी १०० मिलिलिटर राहिले आणि तो डबा पऱ्यात विसळला, तर एका क्षणात ५० ग्रॅम रसायन पाण्यात जाते. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे पाच हेक्टर शेतातून एका मोठ्या पावसात वाहून जाईल तेवढे ते आहे, आणि पऱ्यातले पाणी उघडिपीच्या दिवशी जेमतेम घोटाभर असते. डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, आणि पंप धुतलेले पाणी बागेतच, वाहत्या पाण्यापासून दूर, जमिनीत जिरू द्यावे.